टॉईज फॉर टॉट्स : एका चिंधीच्या बाहुलीपासून साठ कोटी खेळण्यांपर्यंत

गोदाक्का

अमेरिकेत राहणाऱ्यांनी हे खोके पाहिलेच असतील. ऑक्टोबर सरत आला की वाचनालयात, खेळण्यांच्या दुकानात, बँकेत, एखाद्या दातांच्या दवाखान्यातसुद्धा पुठ्ठ्याचा मोठा खोका येऊन बसतो. त्यावर छोटी आगगाडी आणि 'टॉईज फॉर टॉट्स' हे शब्द. येता-जाता लोक त्यात गरजू मुलांसाठी नवं खेळणं टाकतात आणि डिसेंबरच्या मध्यावर खोका उचलला जातो. न्यू जर्सीत या मोहिमेच्या गोदामात मी दरवर्षी खेळणी निवडायला जाते. मंडळातलं कोणीतरी हमखास विचारतं, "हे चालवतं कोण? चर्च का?"

चर्च नाही. चालवतं मरीन कोअर हे अमेरिकेचं लढाऊ दल, त्यातही त्यांचं राखीव दल, म्हणजे एरवी आपली नोकरी करून ठरावीक दिवशी सरावाला येणारे सैनिक. लढणाऱ्या माणसांची आणि बाहुल्यांची गाठ कशी पडली, ते लिहावंसं वाटलं.

१९४७ साल, लॉस एंजेलिस. राखीव दलातले मेजर बिल हेंड्रिक्स. त्यांच्या पत्नी डायान यांनी घरी एक रॅगेडी ॲन बाहुली शिवली. लाल लोकरीचे केस, त्रिकोणी नाक अशी ही कापडी बाहुली तिकडे घराघरांत असायची. नाताळात गरजू मुलांना खेळणी देणाऱ्या एखाद्या संस्थेकडे ती पोहोचवा, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. हेंड्रिक्सना तशी संस्था काही सापडली नाही. तसं घरी सांगितल्यावर बाईंनी फर्मावलं की मग तुम्हीच सुरू करा. त्या नाताळात हेंड्रिक्स आणि त्यांच्या तुकडीने ५,००० खेळणी गोळा करून वाटली. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, मरीन कोअरने ही मोहीम देशभर नेली.

एका वर्षात एवढी झेप कशी? एक तर हेंड्रिक्स पोटापाण्यासाठी वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओच्या प्रसिद्धी विभागाचे प्रमुख होते. वॉर्नरच्या चित्रपटगृहांबाहेर खोके लागले. वॉल्ट डिस्ने यांनी पहिलं पोस्टर काढून दिलं, त्यातलीच आगगाडी आजही बोधचिन्ह आहे. बॉब होप, जॉन वेन, डॉरिस डे अशी हॉलिवूडची मंडळी प्रचाराला उभी राहिली. १९५६ साली मोहिमेसाठी खास गाणं रचलं गेलं, ते नॅट किंग कोल आणि पेगी ली यांनी गायलं. (जाता जाता : याच हेंड्रिक्सना मरीन कोअरवरच्या एका चित्रपटासाठी पुढे मानद ऑस्कर मिळालं.)

पण माझ्या मते खरं कारण दुसरं. राखीव दलाची केंद्रं गावोगाव होती. प्रत्येक केंद्रापाशी मोठं सभागृह, ट्रक आणि सांगितलेल्या वेळी हजर होणारी माणसं. स्वयंसेवी कामात पैशाआधी कशाची अडचण होते हे मंडळाचा गणपती ज्यांनी केलाय त्यांना सांगायला नको. जागा, गाडी आणि माणूस! हे तिन्ही हेंड्रिक्सना आयतं मिळालं.

आता ज्यासाठी धागा काढला ते. सुरुवातीची तीसेक वर्षं लोक जुनी खेळणीही द्यायचे. ऑक्टोबर ते डिसेंबर शनिवार-रविवारच्या कवायतीला आलेले मरीन ती दुरुस्त करायचे. चाकं बसवायची, रंग द्यायचा, बाहुलीचा हात शिवायचा. १९८० पासून हे बंद झालं. तेव्हापासून फक्त नवी खेळणी. अधिकृत कारणं तीन दिली जातात : राखीव सैनिकांचा वेळ लष्करी सरावालाच हवा असा वरून आग्रह आला, जुनी खेळणी वाटण्यात कायदेशीर जोखीम होती, आणि मुलाला 'तुझी कोणाला तरी काळजी आहे' असं सांगताना हातात दुसऱ्याचं उतरलेलं खेळणं ठेवणं विसंगत वाटत होतं.

आजवर वाटलेल्या खेळण्यांचा आकडा साठ कोटींच्या पुढे गेलाय. हे १९८० चं वळण बरोबर होतं का? तुम्हाला काय वाटतं?

बंड्या_उनाड

मस्त माहिती. डिस्नेचं माहीतच नव्हतं. वाचतोय.

चिंतूमामा

लेख आवडला, १९८० चा निर्णय अजिबात नाही.

तीस वर्षं सैनिक खेळणी दुरुस्त करत होते, हाच या मोहिमेचा प्राण होता. एखादा धिप्पाड गडी सुई-दोरा घेऊन बाहुलीचा हात शिवतोय, हे देणं. दुकानातून उचलून खोक्यात टाकलं, त्यात काय दिलं? क्रेडिट कार्ड घासलं. शिवाय जुनी खेळणी गेली कुठे? कचऱ्यात. आमच्या पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून खेळणी करून दाखवली. त्यांना पद्मश्री मिळाली. कचऱ्यातून केलेल्या खेळण्याने कोणाचा अपमान झाल्याचं ऐकिवात नाही.

रसायनी

चिंतूमामा, गुप्तांच्या खेळण्यात मूल स्वतः करतं. इथे दुसऱ्याच्या मुलाने वापरून टाकलेलं मिळतं. दोन्ही एका पारड्यात कसं घालता?

आणि 'कायदेशीर जोखीम' हा शब्द कोरडा वाटतो, त्यामागे मुलांचे जीव आहेत. माझं काम रंगांशी संबंधित आहे म्हणून लिहिते. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसं सर्रास असायचं. लहान मूल खेळणं तोंडात घालतं, आणि वाढत्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो तो परत फिरवता येत नाही. अमेरिकेने शिसंयुक्त रंगावर बंदी घातली ती १९७८ साली. म्हणजे त्याआधीची बरीच रंगीत खेळणी संशयास्पद. मरीननी वरून नवा रंग मारला तरी खालचा थर तसाच.

दुसरा नियम सुट्या भागांचा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला सुटणारा भाग घशात अडकण्याइतका लहान नसावा. त्यासाठी एक ठरावीक नळकांडं असतं, साधारण ३.२ सेंटिमीटर व्यासाचं. त्यात मावला तो भाग धोक्याचा. हा नियम अमेरिकेत १ जानेवारी १९८० ला लागू झाला. साल बघा. कवायतीला आलेल्या सैनिकाने हौसेने बसवलेलं चाक ही परीक्षा पास होईल याची हमी कोण देणार?

गंमत म्हणजे डायानबाईंच्या बाहुलीसारखी बाहुली, तिला पूर्वीच्या पद्धतीने बुटाच्या बटणांचे डोळे लावलेले असतील, तर आज तीन वर्षांखालच्या मुलांच्या ढिगातून बाजूलाच काढावी लागेल.

ट्रॉयकर

डेट्रॉईटच्या बाजूने थोडी भर. हेंड्रिक्सना संस्था सापडली नाही ती लॉस एंजेलिसमध्ये. आमच्याकडे तेव्हा एक संस्था तीस वर्षं जुनी होती. गुडफेलोज.

जेम्स ब्रेडी नावाचे गृहस्थ लहानपणी रस्त्यावर वर्तमानपत्रं विकायचे. मोठेपणी ते डेट्रॉईटमध्ये सरकारी कर अधिकारी झाले. १९१४ साली त्यांनी आपल्यासारखेच जुने पेपरवाले गोळा केले. एव्हाना कोणी वकील, कोणी व्यापारी झालेले. सगळ्यांनी एक दिवस पुन्हा आपापल्या चौकात उभं राहून पेपर विकायचे. किंमत ठरलेली नाही, ज्याला जे द्यायचं ते द्यावं. त्या पैशातून गरीब मुलांना नाताळची भेट. 'नाताळाविना एकही मूल नको' हे त्यांचं घोषवाक्य. अजून चालू आहे. डिसेंबरच्या थंडीत कोपऱ्यावर पेपर विकणारे म्हातारे दिसतात.

ते मुलांना देतात त्या खोक्यात खेळण्याबरोबर गरम कपडेही असतात, आणि बाहुल्यांचे झगे स्वयंसेवक शिवतात. म्हणजे चिंतूमामांचा सुई-दोरा तिथे शाबूत आहे, फक्त बाहुली नवी.

मला स्वतःला गुडफेलोजची तऱ्हा जास्त भावते. आज सुटाबुटातला माणूस स्वतःचं गरिबीतलं लहानपण चौकात उभं राहून दाखवतो. देणारा आणि घेणारा यांच्यात अंतर राहत नाही.

शिस्तीत_बोला

सगळं गोड गोड चाललंय म्हणून मिठाचा खडा टाकतो.

हेंड्रिक्स प्रसिद्धीवाले होते. दुसरं महायुद्ध संपून दोनच वर्षं झालेली. लष्कराचा खर्च कापला जात होता, मरीन कोअर वेगळं हवंच कशाला यावर वॉशिंग्टनमध्ये वाद चालू होता. अशा वेळी निळा गणवेश, पांढरे हातमोजे आणि हातात टेडी बेअर. यापेक्षा चांगली जाहिरात विकत मिळाली असती का?

नाताळच्या धर्मादायाचा इतिहास तरी कुठे निर्मळ आहे? न्यूयॉर्कमध्ये जॉन ग्लक नावाच्या माणसाने १९१३ साली सांताक्लॉज असोसिएशन काढली. मुलं सांताला पत्रं लिहायची, ती टपाल खात्यात पडून राहायची. ग्लकने ती मागून घेतली आणि दात्यांकडे पोहोचवली. सगळे खूश. मग देणग्यांचा ओघ वाढला, सांतासाठी भव्य इमारत बांधायची टूम निघाली, हिशेब मात्र कोणालाच दिसेना. १९२८ मध्ये शहराच्या लोककल्याण आयुक्तांनी, बर्ड कोलर यांनी, चौकशी केली तेव्हा सांताचं दुकान बंद झालं. पंधरा वर्षं! मुलांचं नाव घेतलं की लोक पावती मागत नाहीत.

गोदाक्का

@शिस्तीत_बोला, ग्लकचं उदाहरण चपखल आहे, कारण टॉईज फॉर टॉट्समध्ये ती भानगड बराच काळ होऊच शकत नव्हती. गणवेशातल्या सैनिकांनी लोकांकडे पैसे मागत फिरणं नियमात बसत नव्हतं. ते घ्यायचे फक्त खेळणी. खेळणं खिशात घालून इमारत बांधता येत नाही.

पैशाचा प्रश्न नवी खेळणी सुरू झाल्यावर आला. खोके भरले नाहीत तर उरलेली विकत कोणी घ्यायची? म्हणून १९९१ मध्ये वेगळं प्रतिष्ठान स्थापन झालं. देणग्या, कंपन्यांशी बोलणी, हिशेब, करसवलत त्यांच्याकडे. खेळणी गोळा करणं आणि पोहोचवणं मरीन आणि स्थानिक स्वयंसेवकांकडे. १९९५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी हे काम राखीव दलाची अधिकृत जबाबदारी म्हणून मंजूर केलं. तोवर जवळपास पन्नास वर्षं ते नुसतं रिवाजाने चाललं होतं. सरकारी खात्यात एखादी गोष्ट लेखी हुकमाशिवाय इतकी टिकते, याचं मला भारी कौतुक.

जाहिरातीचं म्हणाल तर होतीच. हेंड्रिक्सना जाहिरातच येत होती, दुसरं ते काय आणणार? सुताराने टेबल दिलं तर आपण त्याच्या हेतूची चौकशी करत नाही.

मीनल_एलए

आमच्या लॉस एंजेलिसमध्ये संस्थाच नव्हती असं वाचून थोडं लागलं हं. १९३५ पासून इथे टॉय लोन आहे! मंदीच्या काळात एका दुकानदाराच्या लक्षात आलं की मुलं किरकोळ वस्तू चोरतायत, खेळणी करायला. त्यातून खेळण्यांचं वाचनालय सुरू झालं. आठवडाभर खेळणं घरी न्यायचं, परत द्यायचं, दुसरं न्यायचं. फुकट. वेळेवर आणि नीट परत करणाऱ्या मुलांना काही काळाने एक खेळणं कायमचं मिळतं. लॉस एंजेलिस काउंटी अजूनही हे चालवते. माझी मुलगी तिथे मदतीला जायची.

अर्थात हेंड्रिक्सबाईंना हवं होतं ते वेगळं. मुलाला देऊन टाकायचं, परत घ्यायचं नाही.

मला तरी वाटतं दोन्ही हवं. खेळायला वर्षभर टॉय लोन, आणि एक दिवस 'हे माझं'.

चिंतूमामा

@रसायनी, शिशाचा मुद्दा मान्य. तेवढा थर खरवडला पाहिजे होता, मोहीमच खरवडायची गरज नव्हती. (विनोद समजून घ्या.)

'वापरलेलं दिलं की अपमान' हे मात्र मला पटत नाही. अपमान वस्तूत नसतो, देण्याच्या तऱ्हेत असतो. अंशू गुप्तांची गूंज बघा. १९९९ पासून शहरातले वापरलेले कपडे गावोगाव पोहोचवतात, पण भीक म्हणून नाही. गावकऱ्यांनी मिळून विहीर खणायची, रस्ता दुरुस्त करायचा, मग त्या श्रमाचा मान म्हणून कपडे. जुनंच, पण कमावलेलं. २०१५ साली गुप्तांना मॅगसेसे मिळालं ते उगीच नाही.

रसायनी

मोठ्या माणसाला विहीर खणायला सांगता येईल. चार वर्षांच्या मुलाने बाहुली कशी कमवायची?

आपल्याकडे काय होतं ते आठवा ना. दिवाळीची साफसफाई निघाली की चाक तुटलेली गाडी, अर्ध्या तुकड्यांचं कोडं, बॅटरी गंजलेला रोबो, सगळं पिशवीत भरून घरकाम करणाऱ्या मावशींच्या हातात. वर 'तुमच्या मुलाला द्या'. त्या नाही म्हणू शकत नाहीत. आपलं कपाट रिकामं होतं आणि दान केल्याचं समाधानही मिळतं. १९८० च्या नियमाने निदान हा मार्ग बंद केला. खोक्यात टाकायचं तर दुकानात जावं लागतं, त्या अनोळखी मुलाचा विचार करावा लागतो. पाच वर्षांचं असेल का, काय आवडत असेल. कार्ड घासण्याआधी एवढं तरी होतं.

बंड्या_उनाड

रसायनीताई +१. आमच्या घरची पिशवी डोळ्यांसमोर आली.

फुलवा_

इथे सहसा लिहीत नाही. मी पलीकडच्या रांगेत उभी राहिलेली आहे.

घटस्फोटानंतरचं पहिलं वर्ष. दोन मुलं, दुकानात अर्धवेळ काम. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी अर्ज भरायला मदत केली. त्यात मुलांची वयं भरायची असतात. डिसेंबरमध्ये एका सभागृहात बोलावलं. मुलांना आणू नका असं आधीच कळवलं होतं. तिथे टेबलांवर वयानुसार खेळणी मांडलेली. एक म्हातारे स्वयंसेवक माझ्याबरोबर फिरले. कुठून आलात, नवरा काय करतो, काही विचारलं नाही. फक्त एवढंच की धाकट्याला गाड्या आवडतात का डायनोसॉर.

सगळं वेष्टनाशिवाय होतं. आधी मला ते रुक्ष वाटलं. घरी आल्यावर मुलं झोपली, मी कागद-चिकटपट्टी काढून बसले आणि मग कळलं. वर नाव मी लिहिलं. माझ्या मुलांना ती खेळणी सैन्याकडून आली नाहीत, कुठल्या संस्थेकडून आली नाहीत. आईकडून आली. (सांताचं आमच्या घरी फारसं प्रस्थ नव्हतं.)

जुनी असती तर? थोरला तेव्हा नऊचा होता. त्याला नक्की कळलं असतं. चिंतूमामा, तुमचं तत्त्व चुकीचं नाही, पण नऊ वर्षांचं मूल तत्त्वाकडे बघत नाही, खोक्याच्या कडेला आधीची चिकटपट्टी निघालेली आहे का ते बघतं.

चिंतूमामा

फुलवा, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. नवी खेळणी, ठीक. सुई-दोऱ्याबद्दल माझं दुःख तसंच राहील, पण ते माझं आहे, त्या मुलाने का सोसावं?

ट्रॉयकर

@फुलवा_, वेष्टनाचं कारण मला आजवर फक्त सुरक्षेचं वाटत होतं, आत काय आहे ते तपासता यावं म्हणून. ही बाजू सुचलीच नव्हती.

गोदाक्का

निवडताना दोन्हींचा उपयोग होतो. बंद पुडकं आलं तर फोडावंच लागतं, नाहीतर ते कुठल्या वयाच्या टेबलावर ठेवायचं? आणि आई-वडिलांनी निवडून स्वतः गुंडाळावं, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी मुद्दाम पाळतात.

बंड्या_उनाड

आमच्या मंडळात यंदा खोका ठेवायचं चाललंय. सगळे बाहुल्या आणि गाड्या आणतील अशी भीती आहे. काय आणायला सांगू?

गोदाक्का

भीती रास्त आहे. तीन ते आठ वर्षांच्या मुलांची खेळणी धो धो येतात, कारण विकत घेताना आपल्यालाच मजा वाटते. तुटवडा दोन टोकांना. अगदी तान्ह्यांसाठी फारसं कोणी घेत नाही, आणि अकरा-बारा-तेरावाल्यांसाठी तर जवळपास कोणीच नाही. त्या वयाच्या मुलांच्या आया टेबलापाशी येऊन रंगीत ठोकळे हातात घेऊन ठेवून देताना मी पाहिल्यात. मोठ्यांसाठी बास्केटबॉल, चित्रकलेचं चांगलं साहित्य, पाठीवरची सॅक, कोडी, बुद्धिबळ, साधे हेडफोन असं सांग. पुस्तकंही चालतात, २००८ पासून पुस्तकांसाठी त्यांचा वेगळा उपक्रमच आहे.

खऱ्यासारखी दिसणारी बंदूक आणू नका. सैनिकांची मोहीम असली तरी बरीच केंद्रं ती घेत नाहीत. खाऊ, मिठाई नको. आपल्याकडची मंडळी प्रेमाने चकलीचा डबा ठेवतात, तो मग आम्हीच संपवतो.

शिस्तीत_बोला

चकलीसाठी मी स्वयंसेवक व्हायला तयार आहे. माझ्या शंका बाजूला ठेवून विचारतो, खोक्यातलं आमच्याच भागात राहतं की कुठल्या तरी मोठ्या गोदामात जातं?

गोदाक्का

स्थानिक मोहिमेत गोळा झालेलं त्याच भागातल्या मुलांना जातं. काही कमी पडलं तर प्रतिष्ठान पैशातून विकत घेऊन भर घालतं. जिथे राखीव दलाची तुकडी जवळ नसते तिथे स्थानिक समन्वयक हे काम सांभाळतात. बरेचदा निवृत्त मरीन असतात, कधी गावातले साधे नागरिक.

मीनल_एलए

बॅटरीचं काय? खेळण्याबरोबर द्यायची का?

गोदाक्का

द्याच. न उघडलेलं पाकीट खेळण्याच्या खोक्याला चिकटपट्टीने लावून द्या. सुटं टाकलं तर निवडताना वेगळं पडतं आणि कोणत्या खेळण्याचं होतं ते मागाहून कळत नाही. @बंड्या_उनाड, खोका हवा असेल तर तुमच्या काउंटीच्या मोहिमेकडे आत्ताच मागणी नोंदवा. नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग उलटलं की रिकामे खोके मिळत नाहीत.